गिअर नंतर मोजा, आधी पाय मोजा

पत्र: मी ४३ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. उंची ५ फूट २ इंच, वजन ७२ किलो. ऑफिस सात रस्त्याजवळ, घरापासून साधारण ५ किलोमीटर. सातवीत असताना भावाची सायकल थोडीफार चालवली होती, त्यानंतर कधीच नाही. स्कूटी मात्र रोज चालवते. सकाळी ८-१० किलोमीटर फिरायचं आणि जमलं तर आठवड्यातून दोनदा सायकलनं ऑफिसला जायचं असं मनात आहे. बजेट २० हजार. मुलगा म्हणतो, २१ गिअर, दोन्हीकडे डिस्क, पुढं शॉकअप आणि जाड टायरवालीच घे. हे म्हणतात, बास्केटवाली लेडीज सायकल बस झाली. दुकानदार म्हणाला हायब्रिड घ्या, पण त्याच्याकडे एकच साइझ होती. ‘सीट खाली केली की झालं,’ असं म्हणाला. शनिवारी ऑफर संपतेय. काय करू?

ताई,

दुकानदाराचं ‘हायब्रिड घ्या’ हे बरोबर आहे. हायब्रिड म्हणजे शर्यतीची सायकल आणि डोंगरवाटांची सायकल यांच्या मधली, शहरातल्या रस्त्याला सोयीची. ‘सीट खाली केली की झालं’ हे माल खपवायचं वाक्य आहे. सीट खाली केली की पाय टेकतात, पण हँडल काही जवळ येत नाही. मोठ्या फ्रेमवर कमी उंचीचं माणूस हँडलपर्यंत ताणून बसतं, अंगाचा भार तळहातांवर येतो, मान आखडते, आणि महिनाभरात सायकल टॉवेल वाळत घालायच्या कामी येते. कुठल्याही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली बघा. त्यातल्या कितीतरी धडधाकट असतात, फक्त घेताना माप चुकलेलं असतं.

तर शनिवारच्या आत घरी एक काम करा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये धरून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा दाब येईपर्यंत सरळ वर सरकवा. पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात टेकलेली हवी. तिच्या वरच्या टोकाशी मुलाला पेन्सिलीची खूण करायला सांगा आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेपनं मोजा. हे तुमचं पायाचं माप. तुमच्या उंचीला ते ७२ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. आपण पुढं ७२च धरू, तुमचं वेगळं आलं तर तोच हिशोब तुमच्या आकड्यावर लावा.

या एका आकड्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, सायकलीच्या आडव्या दांडीची उंची. सायकल दोन पायांच्या मध्ये घेऊन सपाट उभं राहिलं की दांडी आणि शरीर यांच्यात निदान ३ ते ५ सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. म्हणजे तुम्ही उभ्या राहता त्या जागी दांडी जमिनीपासून ६७-६९ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. नाहीतर अचानक थांबताना पाय टेकेपर्यंत दांडी लागते, आणि एकदा लागली की माणूस परत सायकलीला हात लावत नाही. दुसरी गोष्ट सीटची उंची. पायाचं माप गुणिले ०.८८३, म्हणजे ७२ला सुमारे ६३.५ सेंटिमीटर. हे अंतर पायडल ज्या आसाभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून, सीटच्या नळीच्या रेषेत, सीटच्या माथ्यापर्यंत मोजायचं. ही पोचायची उंची आहे. पायडल मारायला लागल्यावर सुरुवातीला सीट याच्या ३-४ सेंटिमीटर खालीच ठेवा, ते पुढं सांगते.

फ्रेमचा आकडा म्हणाल तर तुमच्यासाठी साधारण १५ ते १६ इंची, म्हणजे ‘स्मॉल’. पण एका कंपनीचं स्मॉल दुसरीचं मीडियम असतं, तेव्हा स्टिकरवर विसंबू नका, दुकानात टेप घेऊन जा. बसून पाहताना हँडल धरा आणि बोटं अलगद उचला. कोपर थोडे वाकलेले राहून, पोटात जरा बळ धरून तसंच बसता आलं तर लांबी ठीक. पुढं कोसळल्यासारखं वाटलं तर ती सायकल तुमच्यापेक्षा लांब आहे, मग ऑफर कितीही गोड असो.

आता मुलाचं आणि ‘ह्यांचं’ भांडण सोडवू. साहेब निम्मे बरोबर आहेत. लेडीज सायकलीतली चांगली गोष्ट म्हणजे तिची खाली वाकवलेली दांडी. पाय मागून फेकावा लागत नाही, थांबताना सीटवरून पुढं सरकून सरळ उभं राहता येतं, पंजाबी ड्रेस अडकत नाही. हायब्रिडमध्येही अशी फ्रेम मिळते, दुकानात तिलाही ‘लेडीज फ्रेम’च म्हणतात. नवशिक्यांना ती मुद्दाम सुचवावी अशी असते, मग बाई असो की बुवा. बिनगिअरच्या बास्केटवाल्या सायकलीनं ५ किलोमीटर सपाट रस्ता आरामात होईल, हे खोटं नाही. पण ती बहुतेक लोखंडी, जड, आणि तिचं माप एकच. समोरून वारा आला की तिच्यावर दुसरा उपाय उरत नाही. आणि सोलापूरला चढ फारसे नसले तरी वारा आहे. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेकडून सुटतो तेव्हा पुणे रोडनं बाहेर पडलेल्याला सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखं होतं.

मुलगा सांगतोय ती एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक. तिला पुढचं चाक धरणारा चिमटा स्प्रिंगचा, टायर दोन इंची आणि गाठीचे, वजन १५-१६ किलो. स्वस्त सायकलीतला शॉकअप म्हणजे आत एक साधी स्प्रिंग. ती खड्डा थोडा गिळते आणि पायडल मारलेल्या ताकदीतलीही थोडी गिळते, वर किलो-दीड किलो वजन वाढवते. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि ड्रेनेजसाठी उकरून बुजवलेले पट्टे यांच्यासाठी ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर योग्य हवेवर ठेवला की पुरतो. गाठीचे टायर डांबरावर घूं घूं आवाज करत पाय ओढतात. साधा सरळ चिमटा असलेली ॲलॉय फ्रेमची हायब्रिड १२ ते १४ किलोत बसते. हा फरक जिन्यातून सायकल वर न्यायची वेळ आली की कळतो.

गिअरचं गणित बघा, म्हणजे २१चा मोह सुटेल. पुढं पायडलपाशी ३ दातेरी चकत्या, मागच्या चाकाला ७, गुणाकार २१. त्यातले बरेचसे एकमेकांसारखेच असतात, आणि पुढची मोठी-मागची मोठी किंवा पुढची लहान-मागची लहान अशा जोड्यांत चेन तिरकी ओढली जाते, म्हणून त्या वापरायच्याच नसतात. हायब्रिडच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. पुढं ३८ दात, मागं १४ दात असा जड गिअर लावला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ ६ मीटर जाते. मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी २५ किलोमीटर. मागं २८ दात लावले तर एका फेऱ्यात ३ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी ११च्या आत. तुमचा सगळा प्रवास या दोन टोकांच्या मध्ये होणार. म्हणजे पुढं एकच चकती आणि मागं ७ असली तरी चालेल. पुढं तीन असल्या तर मधलीवर ठेवून द्या. लहान चकती रेल्वेवरचे पूल चढायला आणि वाऱ्याच्या दिवशी उपयोगी पडते.

गिअर बदलायचा खटका कुठला आहे हे मात्र बघाच. काही सायकलींना मुठीत फिरवायचा असतो. तुम्ही रोज स्कूटी चालवता. घाईच्या क्षणी उजवी मूठ सवयीनं पिळाल आणि वेग वाढायच्या ऐवजी खडाड्कन गिअर बदलेल. तुमच्यासाठी अंगठ्यानं दाबायचा खटकाच बरा. आणि सायकलीचा गिअर पायडल फिरत असतानाच बदलतो, उभ्या सायकलीवर नाही. म्हणून सिग्नल दिसला की थांबायच्या आधी दोन पायऱ्या हलका करून ठेवा, नाहीतर हिरवा दिवा लागल्यावर जड गिअरवर उठताना तोल जातो. गिअरवर शिमानो टूर्नी असं नाव दिसलं तर ती शिमानो या सायकलीचे भाग बनवणाऱ्या कंपनीची सुरुवातीची मालिका आहे. काम चोख करते, पण त्या एका नावावरून सगळ्या सायकलीला चांगलं म्हणू नका.

ब्रेकबद्दल थोडक्यात. रबरी गुटक्यांचा रिमवरचा ब्रेक तुम्हाला पुरेल आणि तो कुठलाही मिस्त्री दुरुस्त करू शकतो. वायरवाली डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्याजवळची चकती धरणारा ब्रेक, मिळाली तर पावसात आणि चिखलात फायदा, कारण काळी माती रिमला आणि ब्रेकच्या खोबणीत पोळीच्या पिठासारखी बसते. फक्त डिस्कच्या चकतीला तेलाचा हात लागू देऊ नका. चेनला तेल घालताना उडालेला एक थेंबही ब्रेक ओरडायला लावतो. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ब्रेकच्या दांडीपर्यंत तुमची बोटं पोचतात का. ब्रेकच्या दांडीच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी हँडलजवळ येते. लहान हातांसाठी हे दुकानातच करून घ्या. आणि उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, डावा मागचा हे तपासा. तुमच्या हाताला स्कूटीची तीच सवय आहे. उलट जोडलेला असला तर बदलून मागा.

आता सोलापुरातला खरा प्रश्न. इथं सायकल बंद पडते ती काट्यानं. रस्त्याच्या कडेची वेडी बाभूळ, आणि तिच्याहून बेरकी सराटा. पावसाळ्यात तो जमिनीसरशी पसरतो, पिवळी फुलं धरतो, दिवाळीच्या सुमारास वाळतो, आणि त्याची काटेरी फळं कडेच्या मातीत अशी पडतात की कशीही पडली तरी एक टोक वर. ऑक्टोबरनंतर डांबराची कड सोडून मातीत चाक घालू नका, सायकल टेकवायलासुद्धा नको.

म्हणून टायर निवडताना बाजूवर काट्यापासून बचावाचा थर असल्याचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर टायर आणि ट्यूब यांच्या मध्ये बसवायची प्लास्टिकची पट्टी, म्हणजे लायनर, घ्या. पण तिची कापलेली टोकं धारदार असतात. तशीच बसवली तर काही आठवड्यांत पट्टीच ट्यूब कापते आणि दोष काट्यावर जातो. टोकं गोल कापून, पॉलिश पेपरनं घासून, दोन-तीन इंच एकावर एक येतील अशी बसवा. ट्यूबमध्ये घालायचं चिकट द्रव्यही मिळतं. बारीक काट्याचं भोक ते भरतं, पण व्हॉल्वचा गाभा निघत असेल तरच घालता येतं.

तर व्हॉल्व. हायब्रिडला दोन प्रकारचे येतात. एक मोटरसायकलसारखा जाड, दुसरा पेन्सिलीसारखा बारीक, टोकाला छोटी चकती फिरवून उघडायचा. बारीक व्हॉल्वला पेट्रोल पंपाची नळी बसत नाही, पंक्चरवाल्याची बहुधा नाही. तुम्ही जाड व्हॉल्वचीच सायकल घ्या. बारीक असलाच तर जुळवायची पितळी टोपी मिळते, ती किल्लीच्या जुडग्यात ठेवा.

ट्यूब-टायरच्या मापातही एक खाच आहे. हायब्रिडच्या टायरवर ७००×३५, ७००×३८ असं लिहिलेलं असतं आणि जवळच ३७-६२२ असा दुसरा आकडा. ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. याला कुणी ‘२८ इंची’ म्हणतं. पण आपली जुनी काळी उभी सायकल, दूधवाल्याची, तिचं चाकही २८ इंचीच म्हणवतं आणि तिचा आकडा आहे ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक. तिचा टायर हायब्रिडला बसणार नाही. पंक्चरच्या दुकानात ‘२८चा दे’ म्हणू नका, आकडा सांगा. आणि तुमच्या मापाच्या दोन ट्यूब सायकलीबरोबरच घेऊन ठेवा, कारण गल्लीतल्या दुकानात त्या असतीलच असं नाही.

हवा. ७०० × ३८ टायरला तुमच्या वजनाला पुढं ४५ आणि मागं ५५ पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नको. पेट्रोल पंपावरचा पोरगा मोटरसायकलच्या सवयीनं ३० मारेल. दिसायला टायर भरलेला दिसतो, पण पहिल्याच खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाला अंगठ्यानं दाबून दगडासारखं भरतो, मग सायकल कडक भाकरीवरून चालवल्यासारखी आपटते. म्हणून दाब दाखवणारं गेज असलेला, जमिनीवर उभा करून दोन्ही हातांनी मारायचा पंप घ्या आणि दर रविवारी मोजा. सायकलीच्या ट्यूबमधून हवा आपसूक झिरपते, पंक्चर नसतानाही. एप्रिल-मेमध्ये सायकल उन्हात उभी करायची नाही. इथला पारा चाळिशी ओलांडतो, बंद ट्यूबमधला दाब चढतो आणि जुनं ठिगळ सुटतं.

ट्यूब काढल्यावर भोक बघूनच कारण कळतं. एक बारीक भोक बाहेरच्या अंगाला, म्हणजे काटा. दोन भोकं शेजारी, म्हणजे हवा कमी होती. भोक आतल्या, रिमकडच्या अंगाला असलं तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि तारांची टोकं टोचताहेत. ठिगळ कितीही लावा, पट्टी बदलेपर्यंत पंक्चर होतच राहणार. व्हॉल्वच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेवर टायर रिमवर सरकला होता. आणि काट्याचं पंक्चर असलं तर ट्यूब बदलून मोकळं होऊ नका. टायरच्या आतून कापसाचा बोळा सगळीकडं फिरवा, जिथं अडकेल तिथं काट्याचं टोक. मोडलेला सराटा टायरमध्ये राहिला तर नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्वपाशी आणायची सवय ठेवा, म्हणजे ट्यूबच्या भोकावरून टायरमधली जागा लगेच सापडते.

सायकल दुकानात खोक्यातून अर्धवट जोडलेली येते आणि बाकीची तिथं जोडतात. चांगली सायकल वाईट होते ती बहुधा इथंच. ताबा घेण्याआधी दहा मिनिटं काढा. पुढचं चाक उचलून फिरवा. रिम आणि ब्रेकच्या गुटक्यांमधली फट बघा. रिम डावी-उजवी डुलत असेल तर चाकात ‘आउट’ आहे, तो काढून मागा. तारा दोन-दोन चिमटीत दाबून बघा, एखादी ढिली लागली तर तेही सांगा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं ढकला. हँडलच्या मुळाशी ‘टक’ जाणवली तर तिथला सांधा ढिला आहे. चिमटा उलटा बसवलेलाही आढळतो. रिमचे ब्रेक चिमट्याच्या पुढच्या अंगाला दिसले पाहिजेत. ते मागं गेले असतील तर चिमटा फिरलेला आहे, सायकल वळवताना पायाची बोटं चाकाला लागतील.

पायडलला डावं-उजवं असतं, टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं. डाव्याचे आटे उलटे. घाईत उजवं पायडल डावीकडं पान्यानं दामटलं की दांड्याचे आटे कायमचे जातात आणि पायडल वाकडं फिरतं. शेवटी पायडलचे दोन्ही दांडे हातात धरून आडवे हलवा. जराही खेळ असेल तर मधला बोल्ट आवळून घ्या. ढिल्या बोल्टवर आठवडाभर चालवली तर दांड्याचं चौकोनी भोक गोल होतं, मग आवळूनही उपयोग नाही, दांडाच बदलावा लागतो. घरी ‘टक-टक’ ऐकू आली आणि ती पायाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच येत असली तर ती इथूनच असते. त्याच दिवशी थांबा.

पावतीवर फ्रेम नंबर लिहून घ्या, तो सायकलीच्या पोटाखाली, पायडलच्या आसाजवळ ठोकलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा ऑफरमधली सायकल जुन्या छापील किमतीवरून ‘कमी’ करून दाखवत असतील तर पावतीतला कर वाचा. पहिली सर्व्हिस महिनाभरात किंवा १००-१५० किलोमीटरवर, ती फुकट आहे का हे आधीच ठरवा. नव्या वायरी बसतात, तारा सैल होतात, गिअर उड्या मारायला लागतात. सायकल बिघडली म्हणून घाबरू नका, सर्व्हिसला न्या.

वीस हजारांतले सगळे सायकलीत घालू नका. ढोबळमानानं सायकल साडेचौदा हजारांपर्यंत. हेल्मेटला १,४००, आतल्या लेबलवर ईएन १०७८ हा आकडा बघा. गेजवाल्या पंपाला हजार, कुलपाला ६००, पुढच्या-मागच्या दिव्यांना ७००, ट्यूब, लायनर आणि ठिगळाच्या सामानाला हजार, उरलेल्यात मडगार्ड आणि कॅरिअर. चेनगार्ड बहुतेक हायब्रिडला अर्धवटच असतो आणि साडीगार्ड नसतोच. तेव्हा ओढणी पिशवीत, आणि सलवारीचा उजवा पाय रबरानं बांधून.

सीट सोफ्यासारखी रुंद, जेलीची मागू नका. पाच किलोमीटरनंतर मऊ सीट मध्ये दबते आणि नेमकी नको तिथं टोचते. बसल्यावर ज्या दोन हाडांवर भार येतो ती सीटच्या रुंद भागावर यावीत एवढंच. ताठ बसायच्या सायकलीला १६-१७ सेंटिमीटर रुंदी बऱ्याच बायकांना जमते. पहिले दोन आठवडे थोडं दुखेल, ते सरावाचं दुखणं.

शिकायचं कसं? तोल तुम्हाला स्कूटीनं शिकवलाय, तेव्हा काम निम्मं झालंय. मोकळं मैदान गाठा, सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय सपाट टेकतील, आणि दोन्ही पायडल काढा. १५ नंबरचा पाना वरून लावा, दोन्ही पायडलना तो मागच्या चाकाकडं ढकलला की ती सुटतात. अर्धा तास नुसत्या पायानं ढकलत, पाय उचलत, लांब बघत जा. ब्रेक दोन्ही मिळून दाबायचा सराव इथंच करा. मग पायडल लावा आणि सीट ६३.५च्या ३-४ सेंटिमीटर खालपर्यंत वर आणा. निघताना एक पायडल पुढं-वर, घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथं ठेवा आणि त्यावर उभं राहूनच सीटवर या. थांबताना सीटवर बसून पाय टेकवायचा हट्ट नको. ब्रेक दाबत सीटवरून पुढं उतरायचं. ही सवय लागली की दर आठवड्याला सीट एक-एक सेंटिमीटर वर घ्या, ६३.५ येईपर्यंत. नळीवर ‘इथपर्यंतच’ अशी कमाल खूण असते, तिच्या वर नळी ओढू नका.

गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून ताण आला तर सीट वर आहे. तळहात बधिर झाले तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. पायाचे फेरे मिनिटाला ६०-७० ठेवा. जड गिअरवर कुथत चालवण्यानं व्यायाम जास्त होतो हा गैरसमज गुडघ्यांना महागात पडतो.

ऑफिसला लगेच जाऊ नका. आधी महिनाभर सकाळी सहाच्या सुमारास धर्मवीर संभाजी तलावाच्या बाजूला जाऊन या. विजापूर रोडवरची जड वाहतूक वाढायच्या आत घरी. पावसाळ्यात निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघा, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीवर असतो.

आणि शनिवार. तुमच्या मापाची फ्रेम दुकानदारानं मागवून दिली तर त्याच्याकडूनच घ्या, कारण दुकान जवळ असणं मोलाचं आहे. ‘मागवायला पंधरा दिवस लागतील’ म्हणाला तर पंधरा दिवस थांबा. नुसतं ‘सीट खाली केली की झालं’ परत म्हणाला तर टेप गुंडाळून पर्समध्ये टाका आणि पुढच्या दुकानात जा.